पहाटेचं दूध

सरकारी नोकरीचं पत्र आलं, पेढे वाटून झाले, आणि मग प्राचीने ते पत्र तिच्या सवयीप्रमाणे शेवटच्या ओळीपर्यंत पुन्हा वाचलं. शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की धुळ्याला पंधरा दिवसांचं निवासी प्रशिक्षण आहे आणि पहिल्या दिवशी सकाळी दहाला जो हजर नसेल त्याची नेमणूक रद्द. पुढे काम जळगावातच. म्हणजे तीन वर्षं परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी आता पंधरा दिवसांवर लटकली होती आणि ते पंधरा दिवस लटकले होते तिच्या मुलीवर, मैत्रीवर. मैत्रीला दोन वर्षं पुरी व्हायला दोन महिने कमी होते आणि ती अजून दिवसातून पाच वेळा अंगावर पीत होती.

"त्यात काय? तोडी टाक," सासूबाई म्हणाल्या. रुक्माबाईंचं अर्धं आयुष्य पारोळ्याकडच्या खेड्यात आणि अर्धं जळगावच्या पिंप्राळ्यात गेलं होतं, पण बोलणं खेड्यातच, अहिराणीतच राहिलं होतं. "कडू लाव. तीन दिनमा बठ्ठं मिटी जाई."

"आई, असं एकदम नाही तोडत. मुलांच्या मनावर परिणाम होतो."

"प्रशीलना मनवर काय परिणाम व्हयना?"

प्राचीचा नवरा प्रशील समोरच बसून दुसरा पेढा खात होता. त्याच्याकडे बघून या प्रश्नाचं उत्तर देणं अवघड होतं, म्हणून प्राचीने पेढ्यांचा डबा बंद केला.

धुळ्याला जायला बरोबर तीस दिवस होते. तिने कॅलेंडर घेतलं, स्केचपेन घेतले. पाच वेळचं दूध, दर सहा दिवसांनी एक वेळ बंद. आधी चारचं, कारण ते मैत्री नुसतं चाळा म्हणून प्यायची. मग सकाळी उठल्यावरचं, मग दुपारच्या झोपेचं, त्यानंतर पहाटे पाचचं आणि सगळ्यात शेवटी रात्री झोपतानाचं. प्रत्येक वेळेला वेगळा रंग. त्या दिवशी जमलं की चौकोनात बरोबरची खूण. कॅलेंडर तिने स्वयंपाकघराच्या दारामागे लावलं आणि तिला वाटलं, चला, आता बोलणी तरी थांबतील. कागदावर लिहिलेलं लोक मानतात, असा तिचा बी.एस्सी. झाल्यापासूनचा समज होता.

रुक्माबाई पदराला हात पुसत आल्या, रंग बघितले. "हाई काय शे? लाइटबिलनं काही?"

"मैत्रीचं दूध सोडवायचं वेळापत्रक आहे, आई."

"दूध सोडाले येळापत्रक!" त्यांनी बाहेरच्या खोलीत नवऱ्याला, चिंधाआबांना, हाक मारली. "अहो, आयका! आते पोरं बी एष्टीनागत टाइमवर दूध सोडतीन!"

चिंधाआबा डाळ मिलमधून निवृत्त झाल्यापासून दिवसभर पेपर वाचत. ते पेपरामागून म्हणाले, "एष्टी कधी टाइमवर येते?"

प्राचीने दार जोरात लावलं. कॅलेंडर दारालाच असल्यामुळे तेही आपटलं.

चारचं दूध सहा दिवसांत सुटलं. त्याऐवजी मैत्रीला कपात गाईचं दूध आणि एक बिस्कीट. बिस्कीट ती खायची, दूध जमिनीवर ओतायची, पण अंगावर मागायची नाही. सहा खुणा झाल्या. सकाळच्या दुधाला मात्र तिने पहिल्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. प्राची घड्याळ बघत बाहेरच्या खोलीत उभी. बालसंगोपनाच्या पुस्तकात लिहिलं होतं की दहा मिनिटं लक्ष दुसरीकडे वळवा. प्राचीने चमचा वाजवला, चिमणी दाखवली, प्रशीलचा मोबाइल दाखवला. मैत्रीने मोबाइल फेकला.

"पोर रडी राहिनी अन् तू घड्याळ देखी राहिनी?" रुक्माबाई वाटी घेऊन आल्या. वाटीत कडुनिंबाचा वाटलेला पाला. "लाव. एकदाव लाव. मना शब्द राख."

त्या दिवशी प्राचीकडे वाद घालायचं त्राण नव्हतं. तिने लावलं. मैत्री आली, तोंड लावलं, चेहरा असा केला की जणू हिला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी फसवलं. रुक्माबाईंच्या डोळ्यांत विजय चमकला. मग मैत्रीने आईच्या ओढणीचं टोक हातात घेतलं, शांतपणे सगळा हिरवा लेप पुसला, ओढणी बाजूला टाकली आणि पुन्हा प्यायला लागली.

बाहेरून चिंधाआबांच्या पेपराचा सळसळाट आला. ते हसत होते.

"तुनंच दूध कडू शे वाटतं, तिले फरक नही समजना," असं म्हणून रुक्माबाई वाटी घेऊन गेल्या.

रात्री जेवताना प्राचीने प्रशीलला विचारलं. खोलीत ती त्याला 'तू' म्हणायची आणि आईआबांसमोर 'अहो', आणि चिडली की दोन्हींची भेळ व्हायची. "अहो, तू तरी सांग ना त्यांना."

"आई म्हणतेय ते एकदा करून बघ ना," प्रशील म्हणाला. "रोजची कटकट. एकदाचं मिटेल."

आता हे दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर तिने सोडलं असतं. पण प्रशील सावद्याच्या रस्त्यावर केळी पिकवायच्या चेंबरवर सुपरवायझर होता. हिरवी केळी आत जातात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी होऊन बाहेर येतात, त्या मधल्या दिवसांत तापमान रोज एकेक डिग्रीने खाली आणायचं, हे त्याचं काम.

"तुझ्या केळ्यांना पहिल्या दिवशी अठरावरून एकदम तेरावर आणशील?" प्राची म्हणाली.

"वेडी आहेस का? अख्खा लॉट जाईल."

"केळ्यांसाठी रोज एक डिग्री, आणि माझ्या मुलीसाठी एकदाचं करून टाक?"

प्रशीलने भाकरीचा तुकडा तोंडात घातला. भाकरी तोंडात असली की त्याला बोलता येत नाही, आणि हे त्याच्या फार सोयीचं होतं.

"बोलानं सोपं ऱ्हास," रुक्माबाई मध्ये पडल्या. "ज्याले सोडनं ऱ्हास तो एका दिनमा सोडस. मन पाहिजे."

प्राचीचा तोल तिथे गेला. रुक्माबाईंना मशेरीचं व्यसन होतं. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि उठल्यावर, जेवल्यावर, चहाच्या आधी आणि चहाच्या नंतर ते काळं पीठ बोटाने दातांवर घासायचं. चाळीस वर्षं.

"मग तुम्ही सोडा मशेरी, आई. एका दिवसात. मन पाहिजे ना फक्त?"

चिंधाआबांनी वरण वाढून घ्यायचा हात अर्ध्यात थांबवला. सुनेने सासूला असं तोंडावर बोलायची या घरात पद्धत नव्हती आणि प्राचीलाही ते बोलून झाल्यावरच कळलं.

"सोडसू," रुक्माबाई म्हणाल्या. उठल्या, फळीवरची डबी काढली आणि सगळ्यांच्या देखत कचऱ्याच्या डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं दुखलं. भांडी आपटली, आबांवर खेकसल्या, दारावर आलेल्या भाजीवाल्याला मेथी शिळी आहे म्हणून हाकलून दिलं. तिसऱ्या दिवशी मात्र एकदम शांत. चौथ्या दिवशी त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "माले तं आठवन बी नही येत." आणि तिथून पुढे प्राचीच्या जिवाला ताप झाला. कोणी पाहुणी आली की, "मी चाळीस वरीसनी मशेरी सोडी, एका दिनमा. अन् आम्हनी सून कागदवर रंग भरी राहिनी." समोरच्या मोनालीने प्राचीला जिन्यात गाठून सांगितलं, "वहिनी, तुमच्या सासूबाई म्हणजे कमाल हं! शिका काहीतरी." प्राचीने दात दाखवले. ते हसू नव्हतं.

पण कॅलेंडर पुढे सरकत होतं. सकाळचं सुटलं. दुपारचं सुटलं, कारण दुपारी आबा मैत्रीला मांडीवर घेऊन पेपरातल्या बातम्या मोठ्याने वाचायचे, आणि कापसाच्या भावाने कोणालाही झोप येते. पहाटे पाचच्या चौकोनातही खुणा पडायला लागल्या. एक, दोन, सहा. प्राची त्या खुणा उठल्या उठल्या, चहाच्या आधी करायची. मग शेवटची पायरी, रात्रीची. तिथे प्रशीलने एकदाचा हात लावला आणि पोरीला खांद्यावर टाकून बाहेरच्या खोलीत येरझारा घालू लागला. दोन रात्री ती रडली. तिसऱ्या रात्री त्याच्या मानेवर लाळ गाळत झोपली.

एकच गोष्ट प्राचीला खटकत होती. गेल्या आठवड्यापासून कॅलेंडरवर काळे डाग पडत होते. रोज एक, बरोबर तारखेखाली, तिच्या खुणेला चिकटून. झुरळ असेल, फोडणी उडाली असेल. तिने एक नखाने खरवडून पाहिला. निघाला नाही.

जायला चार दिवस राहिले असताना, पहाटे पाच-सव्वापाचला प्राची पाणी प्यायला उठली. मैत्री नुकतीच पुन्हा झोपली होती. स्वयंपाकघरात दिवा नव्हता, पण मागच्या मोरीचं दार उघडं होतं आणि थंडी आत येत होती. रुक्माबाई मोरीच्या कट्ट्यावर शाल गुंडाळून बसल्या होत्या. बोट तोंडात. शेजारी डबी. नवी कोरी डबी.

"आई!"

रुक्माबाई शांतपणे थुंकल्या. "काय व्हयनं? चोर उना का?"

"तुम्ही मशेरी सोडली होती ना? एका दिवसात?"

"सोडी व्हती," रुक्माबाई म्हणाल्या. "एक दिन."

प्राची उसळली. "अख्ख्या कॉलनीत माझी अब्रू काढलीत! मोनाली मला म्हणते शिका काहीतरी! मी इथे एकेक दिवस मोजतेय, एकेक खूण—"

"हळू. पोर उठी जाई." त्यांनी तोंड धुतलं, पदराने पुसलं. "अन् तू? तू आते कोनले पाजीसनी उनी?"

प्राचीने ओढणी सारखी केली.

रुक्माबाई उठल्या, गुडघ्याला हात देत स्वयंपाकघरात आल्या, दिवा लावला आणि दार ओढून घेतलं. कॅलेंडर समोर आलं. त्यांनी अजून काळं असलेलं बोट आजच्या तारखेखाली टेकवलं. नवा डाग उमटला. मग एकेका डागावर बोट ठेवत मागे गेल्या.

"माले वाचता येत नही. पन तू ज्या दिनले पहाटले पाजं, त्या दिनले हाऊ डाग. मी तठे मोरीवर बठेल ऱ्हास. पोर कुंईकुंई करस, मंग गप व्हई जास. काबरं गप व्हस, माले नही समजत?"

प्राचीने मोजलं. नऊ डाग होते. खुणा सहा. हिरव्या स्केचपेनच्या, नीट, एकाच मापाच्या, आणि सहाच्या सहा खोट्या. त्यानंतरच्या दिवसांत तर तिने पहाटेचा चौकोनच आखला नव्हता, कारण कागदाच्या हिशोबाने ते दूध कधीच संपलं होतं.

सगळ्यात वाईट गोष्ट रुक्माबाईंना माहीत नव्हती. पहिल्या पहाटे मैत्री उठली, पाच मिनिटं रडली आणि प्राची विरघळली. दुसऱ्या पहाटे दोन मिनिटं. तिसऱ्या पहाटे मैत्री रडलीच नव्हती. तिने झोपेतच कुंईकुंई करत नुसती कूस बदलली होती, अंगठा तोंडात घातला होता आणि पुन्हा झोपेत जात होती. तिला जवळ ओढलं होतं प्राचीनेच. त्या दिवसापासून रोज तीच ओढायची. आणि मग चहाच्या आधी उठून खूण करायची.

"आता काय करायचं?" ती म्हणाली. आवाज चिडकाच निघाला, पण कोणावर चिडायचं ते सापडेना.

"काय करनं? तू बाहेर झोप, आबानी खोलीमा. पोर मनाजोडे."

"आणि तुमची मशेरी?"

रुक्माबाईंनी डबीकडे पाहिलं. "मी बी पहाटनी बंद करस. बाकीनी राहू दे आते. बठ्ठी एकदम नही सुटत मनीकडथून."

"हेच मी महिनाभर सांगतेय, आई!"

"हा, सांगस. पन तू सांगस तव्हय कागद दाखाडस. मानूस कागद देखीसनी चिडी जास."

त्या चार पहाटे प्राची बाहेरच्या खोलीत सतरंजीवर, आबांच्या घोरण्याशेजारी जागी पडून राहिली. पाच वाजता आतून मैत्रीचा आवाज आला, "आई?" आणि रुक्माबाईंचा आवाज, "आई झोपेल शे. तू बी झोप." मग काहीच नाही. शांतता. प्राचीने उशीत तोंड खुपसलं. एवढंच होतं? एवढ्यासाठी स्केचपेन, पुस्तकं, कडुनिंब? तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटत होतं असं की आपल्याला कोणी विचारलंच नाही. चार दिवस ती भांडी आपटत होती. चिंधाआबा प्रशीलला हळूच म्हणाले, "हिचीबी मशेरी सुटली का काय?"

सोमवारी पहाटेच्या बसने ती निघाली. मैत्री झोपलेली होती, आणि उठवू नको असं तिघांनी तीनदा सांगितलं, जणू ती उठवणारच होती. ती उठवणारच होती. पण नाही उठवलं. पावणेदहाला तिने धुळ्याच्या प्रशिक्षण केंद्रातल्या हजेरीपटावर सही केली. नोकरी राहिली.

पहिलं व्याख्यान नस्ती, म्हणजे फाइल, कशी ठेवायची यावर होतं. दुसरं टपाल आवक-जावक. साडेबारापर्यंत प्राचीला बसवेना. चार दिवस भरत आलेली छाती आता दगडासारखी झाली होती, हात वर केला तरी कळ जात होती, आणि ओढणीखाली कुर्ता दोन ठिकाणी भिजला होता. शेजारी बसलेली डिंपल, शिरपूरची, तिची पंधरा दिवसांची खोलीतली सोबतीण, हिने ओळखलं. "बाळ लहान आहे का ताई? कोबीचं पान ठेवा. माझी बहीण ठेवायची." मागच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या की कोबीबिबी काही नाही, गोळी मिळते. तिसरीने सांगितलं की छाती गच्च बांधून टाका. सल्ल्यांना धुळ्यातही तोटा नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत तिने बाथरूमची कडी लावली आणि घरी फोन केला. रुक्माबाईंनी उचलला.

"पाचले उठनी नही," त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं. "सातले उठनी. तुले धुंडाळं, मंग पोहा खादा. आते खेळी राहिनी. सही व्हयनी का?"

"झाली." प्राचीने भिंतीला पाठ टेकवली. "आई, मला खूप दुखतंय. ताठरलंय सगळं. मी सगळं पिळून काढून टाकू का एकदाचं?"

पलीकडे रुक्माबाईंचा आवाज बदलला, जवळ आला. फोन त्यांनी तोंडाशी धरला असावा.

"नको. बठ्ठं नको काढू. बठ्ठं काढशी तं तितलंच परत येई. थोडं काढ. हलकं वाटनं की थांबी जा. रातले पुन्हा थोडं. उद्या त्यानाथून कमी. पाच-सहा दिन लागतीन. अन् लाल व्हयनं, ताप उना, तं सरळ डाक्टरकडे जाजो. कोनी काही सांगो."

"तुम्हाला कसं माहीत?"

"प्रशील दोन वरीसना व्हता. माले माहेरले धाडी दिधं, पोऱ्याले आठे ठेवं. एका दिनमा तोडं. तो रडना तीन दिन अन् इसरी गया. माले गाठ उनी. ताप उना. डाक्टरनी चिरा दिधा. पोऱ्या कसा शे, हाई बठ्ठा इचारेत. माले कोनी इचारं नही."

प्राचीच्या डोक्यात महिनाभराचं सगळं एकदम चढलं. वाटी, टोमणे, मोनाली, जिना. "मग तुम्ही मला का सांगत होतात, आई? तोडून टाक, तोडून टाक! रोज! स्वतःचं एवढं झालं असताना?"

"माले तेच माहीत व्हतं ना," रुक्माबाई म्हणाल्या. "आम्हले कोनी दुसरं दाखाडं नही."

यावर चिडायचं कसं, ते प्राचीला कळेना, आणि त्यानेच तिला जास्त चीड आली. तिकडे मैत्रीने काहीतरी पाडल्याचा आवाज झाला. "ठेव फोन," रुक्माबाई ओरडल्या, "तुनी पोरनी डाळना डबा उपडा करा!" आणि त्यांनीच ठेवला.

प्राचीने नळ सोडला, वॉशबेसिनवर वाकली आणि दाबायला सुरुवात केली. आधी कळ, मग बारीक धार, मग दोन-तीन धारा. महिनाभर कॅलेंडरवर मैत्रीसाठी पाच रंग भरले, प्राचीच्या स्वतःसाठी एकही चौकोन नव्हता. पांढरं पाणी जाळीतून खाली जात होतं आणि छातीवरचा दगड हळूहळू सैल होत होता. आणखी काढावंसं वाटत होतं. पूर्ण मोकळं, रिकामं, एकदाचं.

दारावर थाप पडली. "प्राचीताई, हजेरी घेताहेत! काढलं का सगळं?" डिंपल होती. तिला हळू बोलता येत नसे, हे एव्हाना सगळ्या मजल्याला कळलं होतं.

"नाही," प्राची आतून खेकसली, "सगळं नाही काढायचं."

अजून बरंच होतं. तिने हात काढून घेतला, रुमालाची घडी कुर्त्याच्या आत नीट बसवली, आणि कडी काढली.